वाटीमागचं नाव

आमच्या गावात गोष्ट लपत नाही. डोणगावच्या बाजाराला निघालेल्या ऑटोत बसा, उतरेपर्यंत कोणाच्या घरी काय शिजलं आणि काय करपलं ते सगळं कळतं. अशा गावात एकच बाई होती, जिच्या कानात टाकलेली गोष्ट पुढं जात नसे. ती माझी सासू, गोजरबाई. मी त्यांना मामी म्हणते. तोंड बंद ठेवून नाव कमावलेली बाई आमच्या तालुक्यात दुसरी नसावी. म्हणूनच त्यांचं जे झालं ते सांगताना माझ्या जिभेवर माझा ताबा राहत नाही, आणि राहावा असं मला वाटतही नाही.

मामी नजर उतरवायच्या. लेकरू दूध पीत नसलं, उगाच किरकिर करत असलं की आई त्याला घेऊन आमच्या ओसरीवर यायची. मामी मूठभर मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या लेकरावरून ओवाळायच्या. मग ती आई मामींच्या कानाशी वाकायची आणि जिच्या नजरेचा संशय असेल तिचं नाव सांगायची. मामी ते नाव ओठातल्या ओठात मुठीवर म्हणायच्या आणि मूठ निखाऱ्यावर टाकायच्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर नजर होती, गेली. लागला तर मामी सरळ सांगायच्या, "दवाखान्यात घेऊन जाय, हे माह्याकडचं नाई."

मी मंजुश्री, गावातली अंगणवाडी सेविका. माझं काम लेकरांचं वजन करायचं, आयांना डाळ-अंडी सांगायचं. एकाच घरात एक बाई मिरच्या जाळते आणि दुसरी वजनकाटा धरते, यावर गावानं आमची भरपूर टिंगल केली. मीही मामींशी भांडले आहे. पण एक गोष्ट मला पहिल्यापासून पटायची. त्यांच्या त्या निखाऱ्यांत गावातले निम्मे संशय जळून जात होते, आणि जळालेलं नाव पुन्हा कधी ऐकू येत नव्हतं.

त्यात एक नियम होता. नाव जळलं की आठ दिवसांच्या आत, जिचं नाव घेतलं तिच्या घरी आपल्या हातची एक वाटी गेली पाहिजे. खीर असो, शेवभाजी असो, नाहीतर साधं पिठलं. वाटी गेली नाही तर नजर फिरून येते. आणि वाटीचं कारण बोललं तर नजर आपल्याच लेकरावर उलटते. त्यामुळे ऑटोभर बोलणाऱ्या बायासुद्धा एवढ्या एका बाबतीत मुक्या होत्या. ज्या स्वतः आया होत्या त्यांना वाटी आली की अंदाज यायचा. त्या हसून खाऊन टाकायच्या. आज तुझ्याकडून मला, उद्या माझ्याकडून तुला.

गावात एकाच बाईला वाटीमागचं कारण ठाऊक नव्हतं. त्या अन्नपूर्णाबाई.

अन्नपूर्णाबाईंचं वावर आमच्या वावराला लागून आहे, मध्ये एक धुरा, मातीचा बांध. त्या मेथी, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावतात. मामी आणि त्या एकाच वयाच्या, एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. बाजारात त्यांची दुकानं शेजारी शेजारी लागायची. एकीची वांगी संपली की ती दुसरीची विकायला घ्यायची. अन्नपूर्णाबाईंना एक मूल झालं होतं. ते पाळण्यात घालायच्या आधीच गेलं. पुढं काही वर्षांनी त्यांचे मालक, माणिकराव, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. त्यानंतर आमच्या ओसरीवर जी आई लेकरू घेऊन यायची ती मामींच्या कानात एकच नाव सांगायची.

त्यामुळे गावातल्या सगळ्यांत जास्त वाट्या अन्नपूर्णाबाईंच्या घरी जायच्या. त्या रिकामी वाटी कधी परत करत नसत. मेथीची जुडी, चार वांगी, काहीतरी घालूनच द्यायच्या. बाजारात दुसऱ्या गावच्या बायांना त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या, "माहं कोनी नाई म्हनता? माह्या घरी सणाले चूल पेटवाची गरज पडत नाई. गावच पोसते मले." शेजारी बसलेल्या मामी सांभाराच्या जुड्या बांधत राहायच्या.

आणि खरं सांगते, वाटीनं वाट केली होती. वाटी द्यायला म्हणून गेलेली पोरगी दारात पाच मिनिटं बसायची, दुसऱ्यांदा आपणहून जायची. डिंपल, आमच्या मागच्या गल्लीतली सून, तिनं लेकाच्या वेळी पहिली वाटी नेली ती मामींच्या सांगण्यावरून. नंतर तिचं नि अन्नपूर्णाबाईंचं असं गूळपीठ जमलं की लेक त्यांच्याच मांडीवर वाढला. बारशाला त्यांना बोलावणं जायचं. मूल गेलेल्या विधवेला बारशाला बोलावणारी किती गावं आहेत, मला दाखवा.

आता प्रेरणाचं सांगते. ही अविनाश भाऊजींची मुलगी, आमच्यापासून तीन घरं सोडून. लहानपणी काडीसारखी होती, मामींच्या ओसरीवर तिच्या फेऱ्या ठरलेल्याच. शिकली, पुण्याला एम. ए. करायला गेली. यंदा हिवाळ्यात घरी आली ती इंटर्नशिप घेऊन. परदेशातली कुठलीशी संस्था. केनियातली मुलं, पेरूतली मुलं, तुर्कस्तानातली मुलं आणि आमची प्रेरणा, सगळ्यांनी आपापल्या भागात जाऊन एकच प्रश्नावली विचारायची. नजरेनं वाईट होतं असं तुमच्याकडं मानतात का? कोणाची नजर वाईट समजतात? त्यावर काय करतात? अंगणवाडीत येऊन तिनं हे मला समजावलं तेव्हा मला कौतुकच वाटलं. म्हटलं, जगभरच्या आया मिरच्याच जाळतात की आणखी काही, ते तरी कळेल.

ती रोज दुपारी मामींजवळ बसायला लागली. मेथी निवडू लागायची, वऱ्हाडीत बोलायची, "आजी, मीठ कोनतं घ्या लागते? मोहरी काऊन घेता?" पुण्याहून आलेली पोरगी खाली बसून आपल्या बोलीत विचारते आहे, याचंच मामींना अप्रूप. आणि इथं मामींची चूक झाली. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्याकडं लोक नजर उतरवून घ्यायला आले होते. कशी उतरवतात हे विचारायला कोणी आलं नव्हतं. त्यांच्या जगात तसं विचारणारी एकच असते, जिला ती विद्या घ्यायची असते. त्यांना ज्या बनाबाईनं शिकवलं तिच्याजवळही त्या अशाच बसल्या होत्या, अशाच विचारत होत्या. माणूस अभ्यासासाठी विचारतो आणि उठून जातो, हे मामींच्या डोक्यातच आलं नाही. मी सांगून पाहिलं, "मामी, ती कॉलेजचं काम करते आहे." मामी म्हणाल्या, "कॉलेजचं काम एका दिवसात होते. हे पोट्टी रोज येऊन राह्यली."

अमावास्या आली. ही विद्या अमावास्येला देतात, घेणारीच्या ओटीत मोहरी घालून.

"घेशीन का?" मामींनी तिला विचारलं. "मंजुश्रीले विचारलं होतं. तिले वजनकाटा पुरते."

प्रेरणाला कळलं होतं. मी दारातच उभी होते, तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तिला कळलं, समोरची म्हातारी काय समजून बसली आहे ते. मला वाटलं, आता ती हळूच खरं सांगेल. तिनं ओढणी पसरली.

मामींनी मोहरी घातली. फोन तिच्या मांडीजवळ होता. "रेकॉर्ड करू ना आजी?" असं तिनं विचारलंही. मामी म्हणाल्या, "कर बाप्पा, तुले पाठ कराले कामी येईन."

मग मामींनी जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. वाटीचा नियम बनाबाईचा नव्हता. तो मामींनी स्वतः घातला होता, माणिकराव गेल्यावर. एकामागून एक बाया तेच नाव घेऊन येत होत्या. नाव जाळलं तरी बाया अन्नपूर्णाबाईंना दारात उभं करत नव्हत्या, लेकरं पदराखाली झाकत होत्या. तेव्हा मामींनी खोटंच सांगायला सुरुवात केली की वाटी गेली नाही तर नजर फिरून येते. भीतीनं का होईना, पाय त्या दाराकडं वळले. "पुर्णाले हे ठाऊक नाई," मामी म्हणाल्या. "ठाऊक होऊ द्याचंही नाई. तिले वाटते गाव तिच्यावर जीव लावते, तर वाटू दे. माह्या मांगं तिच्या घरची वाटी चालू ठेवजो, एवढंच मांगतो तुले."

"हाव आजी," प्रेरणा म्हणाली.

मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं ज्या घरात राहिले त्या घरातली बाई मला त्या दिवशी नीट दिसली.

प्रेरणा पुण्याला गेली. दोन-अडीच महिन्यांनी त्या संस्थेनं देशोदेशीच्या मुलांची कामं व्हिडिओ करून टाकली, ज्याच्या त्याच्या भाषेत. अविनाश भाऊजींनी आपल्या लेकीचा व्हिडिओ अभिमानानं गावाच्या ग्रुपवर पाठवला. बापाचा काय दोष? वर लिहिलं होतं, आपल्या गावची लेक जगात पोहोचली.

त्या दिवशी बाजारवार होता. मीही डोणगावहून मीटिंग आटोपून त्याच ऑटोत होते. मामी आणि अन्नपूर्णाबाई मांडीवर रिकाम्या टोपल्या घेऊन शेजारी बसलेल्या. पुढं बसलेल्या कोणीतरी फोनवर तो व्हिडिओ मोठ्यानं लावला. मामींना स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. अन्नपूर्णाबाईंनी ओळखला. "गोजरबाई, हे तू बोलून राह्यली की," असं म्हणून त्या हौसेनं पुढं वाकल्या.

फोनमधून मामी सांगत होत्या, ज्या बाईचं नाव निघते तिच्या घरी वाटी गेली पाहिजे. मग प्रेरणाचा आवाज आला, आता चोख पुणेरी. "या गावात भाजीपाला पिकवणारी एक निपुत्रिक विधवा आहे. सर्वाधिक वाट्या तिच्याच घरी जातात. तिला याचं कारण माहीत नाही. ती याला गावाचं प्रेम समजते."

नाव घेतलं नव्हतं. भाजीपाला पिकवणाऱ्या निपुत्रिक विधवा जशा काही आमच्या गावात गल्लोगल्ली आहेत. आणि माणिकराव गेल्यावरचं, नियम मामींनी का घातला ते, त्यात काहीच नव्हतं. ते कापलं होतं.

अन्नपूर्णाबाई सरळ बसल्या. त्यांनी मामींकडं पाहिलं नाही. फाट्यावर ऑटो थांबवायला सांगितला आणि गाव पुढं असताना त्या तिथंच उतरल्या. मामी मागं उतरायला गेल्या तर म्हणाल्या, "तू बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डिंपलच्या घरी गेल्या. तिची एक वाटी त्यांच्याकडं राहिली होती. ती घासूनपुसून उंबऱ्यावर ठेवली, रिकामी, आणि मागं फिरल्या. डिंपलचा लेक त्यांच्या मागं धावला तर त्याला हात लावला नाही. डिंपल माझ्याकडं रडत आली. "वहिनी, पहिली वाटी मी भिऊन दिली होती, खरं हाय. बाकीच्या मनानं दिल्या. आता त्याईले कसं सांगू कोनती कोनती होती?" चांगल्या मनानं दिलेल्या वाट्याही आता संशयाच्या झाल्या होत्या.

मी प्रेरणाला फोन लावला. आधी मीच बोलणार होते, तोंडातून काय काय निघालं असतं देव जाणे. पण मामींनी फोन मागून घेतला.

"आजी, मी नाव कुठंच घेतलेलं नाही," प्रेरणा म्हणाली. "आमच्याकडं नियमच असतो तसा. माहिती देणाऱ्याची ओळख उघड करायची नाही."

"माह्या इथीही तोच नियम हाय," मामी म्हणाल्या. "मंग तुहं नि माहं वेगळं काऊन झालं?"

प्रेरणा म्हणाली, व्हिडिओ काढून टाकायला सांगते. म्हणाली, वेळेची मर्यादा होती, प्रश्न प्रथेबद्दल होता, प्रथा कोणी का सुरू केली याला त्यात जागा नव्हती. म्हणाली, रेकॉर्ड करू का असं तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही हो म्हणालात.

"तू मोहरी घेतली होती पोरी," मामी म्हणाल्या. "ओटीत."

प्रेरणा म्हणाली, "तुमचं मन मोडवलं नाही आजी. आणि तुम्ही इतकं छान बोलत होतात."

मामींनी फोन माझ्या हातात दिला. मी तो बंद केला, कारण शिव्या द्यायलाही समोरचं माणूस थोडं तरी आपलं असावं लागतं. मन मोडवलं नाही म्हणे. व्हिडिओ निघाला खरा, पण तोवर तो घरोघरच्या फोनमध्ये जाऊन बसला होता. प्रेरणाला त्या संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं. भाऊजींनी तेही ग्रुपवर टाकलं, या वेळी खाली कोणी काही लिहिलं नाही.

ओसरीवर आया यायच्या बंद झाल्या. कानात सांगितलेलं नाव उद्या फोनमधून बोलणार नाही याची खात्री कोणी द्यावी? याचं मामींना फारसं काही वाटलं नाही. त्यांना एकाच गोष्टीनं पोखरलं होतं. त्या रोज धुऱ्याशी जायच्या, पलीकडं अन्नपूर्णाबाई वाफ्यात असायच्या, आणि पाठ वळवायच्या. बाजारात त्यांनी दुकान दुसऱ्या टोकाला नेलं. "तिनं मले दोन शिव्या द्याव्या," मामी मला म्हणायच्या. "चार लोकांत द्याव्या. पन बोलावं."

एके सकाळी त्या बोलल्या. मी आणि मामी मेथी उपटत होतो. अन्नपूर्णाबाई आपणहून धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. मामी घाईनं उठल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. माणिकराव गेल्यावरचं, लेकरं झाकणाऱ्या बायांचं, नियम आपण तिच्यासाठीच घातला त्याचं. कापलेलं सगळं. मला वाटलं, आता सुटेल.

अन्नपूर्णाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हंजे तू माह्यासाठी घरोघर भीक मांगतली," त्या म्हणाल्या. "अन् म्या ते मिरवत फिरली. तुह्या बाजूले बसून मिरवली. तू ऐकत होती."

"तुले बरं वाटत होतं म्हनून ऐकत होती."

"मले एक सांग." त्यांचा आवाज खाली आला. "बाकीच्या बायाईचं जाऊ दे. छकुली बिमार पडली होती तवा तू तिच्यावरूनही मूठ ओवाळली होती. तवा कोनाचं नाव घेतलं?"

छकुली म्हणजे माझी मुलगी. दीड वर्षाची असताना जुलाबांनी अगदी मऊ पडली होती. मामींनी मूठ ओवाळली आणि नाव सांग म्हणून कान पुढं केला, तेव्हा मी चिडून म्हटलं होतं, ग्रामपंचायतीच्या टाकीचं घ्या. आणि मामींनी खरोखर टाकीचं नाव घेतलं होतं. दुसरं कोणाचंही नाही.

"तुहं नाई घेतलं," मामी म्हणाल्या. "माह्या नातीची शपथ."

"खरं आहे काकू," मी म्हणाले. "मी तिथंच होते. नाव मीच सांगायचं होतं."

अन्नपूर्णाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग मामींकडं. किती वेळ पाहत होत्या. मामी हलल्या नाहीत, त्यांनी डोळेही खाली केले नाहीत. माझ्या सासूच्या तोंडावर त्या वेळी खरेपणाशिवाय दुसरं काही नव्हतं, हे मी कुठंही सांगायला तयार आहे.

"असंल खरं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पन म्या कशी वळखू? माहं नाव जाळून तू माह्या घरी चहा प्याले यायची. तवाही तुहं तोंड असंच असे."